शेवंतीचं खरं वय

“तीन म्हन.”

चुलीपुढच्या दगडावर शेवंतीला उघडी बसवून कस्तुरा तिच्या अंगावर कोमट पाणी घालत होती. पौषातली थंडी. पोरीच्या खांद्यावरून वाफा निघत होत्या आणि पोरगी तांब्याच्या धारेकडं टक लावून बघत होती.

“म्हन की गं माझी बाय. तीन.”

“तीन,” शेवंती म्हणाली.

“बाईनं इचारलं तर?”

“तीन.”

“पुन्याची नवी बाई यील, तिनं इचारलं तर?”

“तीन.”

“शानी माझी ती.” कस्तुरानं तिला पदरात गुंडाळली आणि गालाचा मुका घेतला. गाल नेहमीपेक्षा गरम लागला. पण चुलीच्या धगीनं लागला असेल, असं तिला वाटलं.

सोजरबाई, तिची सासू, दाराशी घोंगडी पांघरून उन्हाची वाट बघत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. माणूस समोर आलं तर तिला नुसती सावली हलल्यासारखी दिसायची.

“लेकराला रामाचं नाव शिकीव आदी,” ती म्हणाली. “फटफटल्यापासनं तीन, तीन. कावळ्यागत.”

“रामाचं नाव घेतलं म्हनून बालवाडीत घेत्यात व्हय, आत्याबाई?”

सोजरबाईनं घोंगडी आणखी आवळून घेतली. 

भोसरीच्या माळावर तेव्हा जिकडं बघावं तिकडं कंपन्यांची शेडं उठत होती. जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं खांब उगवले होते. ठोंबरेवस्तीच्या बाया सकाळी भाकरी बांधून तिकडं जायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवायच्या आणि दिवसभर खडी, वाळू, कालवलेला माल पाटीनं वर चढवायच्या. कस्तुरा त्यांतलीच. तिचा नवरा भैरू एका फाउंड्रीत वाळू भरायला जायचा. घरची दीड एकर मुरमाड जमीन होती, तीत ज्वारी व्हायची तेवढी व्हायची.

मागच्या पावसाळ्यापर्यंत कस्तुरा शेवंतीला कामावर घेऊन जायची. बाभळीला झोळी बांधायची, येताजाता तिला एक झोका द्यायची. एके दिवशी ती पाटी घेऊन फळीवर असताना झोळीतनं पोरगी उतरली आणि चालत चालत चुना भिजवायच्या हौदापाशी गेली. डावा पाय घोट्यापर्यंत आत. किंकाळी ऐकून कस्तुरानं पाटी वरनंच टाकून दिली. मुकादम रंगरावानं बादल्यांवर बादल्या ओतल्या, कुणी खोबरेल आणलं. दोन महिने शेवंतीनं पाय भुईला टेकला नाही. अजून तिथली कातडी गुळगुळीत, पांढरट होती, उंदराच्या पिल्लासारखी.

रंगराव वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, “कस्तुरा, उद्यापासनं पोर आनायचं न्हाई. आनायचं आसंल तर तू बी येऊ नगंस.”

मग दिवाळीनंतर ती मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीपुढं रांगेत उभी राहिली. तिथं महिला मंडळाची बालवाडी होती. सकाळपासून चारपर्यंत मुलं सांभाळायची, दुपारी सुकडी द्यायची. अट एकच, तीन वर्षं पुरी पाहिजेत. कस्तुराच्या पुढं अंबुबाई होती, नातवाला कडेवर घेऊन. वय सांगताना अंबुबाईनं आधी मोठा खोकला काढला आणि मगच “तीन” म्हणाली. वही घेऊन बसलेल्या बालवाडीच्या कुसुमताईंनी मान वर न करता लिहिलं.

“हिचं वय?”

कस्तुरानं पोरीला कडेवर वर सारलं. पोरगी माहेरी, खेडच्या वरच्या अंगाला झालेली. इकडच्या कुठल्या दप्तरात तिची नोंद नव्हती.

“तीन पुरी,” ती म्हणाली. “वर दोन महिने.”

वरचे दोन महिने खरे होते. तेवढाच तिच्या जिवाला आधार.

*

पुण्याची बाई म्हणजे नीला. वय बावीस-तेवीस, कॉलेजात बालविकास नावाच्या विषयात एम. ए. करत होती. एसटीनं भोसरीच्या नाक्यावर उतरायची आणि तिथनं मैलभर चालत यायची. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, वस्तीवर येईतो त्यांचा रंग मुरमाचा झालेला. कामावर जाणाऱ्या आयांची लहान मुलं कशी वाढतात, कधी बोलतात, काय खेळतात, ह्यावर ती प्रबंध लिहीत होती. पोरांत मांडी घालून बसायची, पोरांनी शेंबूड पुसला तरी ओढणी मागं घेत नसे. त्यामुळं ती सगळ्यांना आवडायची. भीती वाटायची ती तिच्या वहीची.

शेवंतीची पाळी आली तेव्हा आईनं सोबत यावं असा निरोप होता. कस्तुरानं रंगरावाकडं तासभर मागितला.

“दिला. जेवनाच्या सुट्टीत भरून दे,” तो म्हणाला.

बालवाडीच्या कोपऱ्यात नीलानं चटईवर लाकडाचे दहा लाल ठोकळे मांडले. एकावर एक ठेवून मनोरा केला आणि पाडला.

“आता तू कर बघू.”

शेवंतीनं आईकडं बघितलं. मग नीलाकडं बघितलं. ही नवी बाई, पुण्याची. तिला आठवलं.

“तीन,” ती म्हणाली.

“हो का! छान. तुझं नाव काय गं?”

“तीन.”

नीला हसली. पिशवीतनं चित्रांचे पुठ्ठे काढले. “हे काय आहे?”

छत्री होती. शेवंतीनं छत्री आधी पाहिलीच नव्हती. पावसात त्या घरात पोत्याची खोळ असे.

“तीन.”

“आणि हे?”

ती मांजर होती, आणि मांजर तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिनं एकदा आईच्या तोंडाकडं बघितलं, आई घाबरलेली दिसली, तशी ती आणखी जोरात म्हणाली, “तीन!”

“अगं नाव सांग की बाईंस्नी,” कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “शेवंती म्हन. मनी म्हन.”

“तुम्ही नका सांगू, कस्तुराबाई. तिला तिचं करू दे.”

पोरीच्या तोंडातनं लाळ गळत होती, गाल लालबुंद झाले होते. तिनं दोन ठोकळे एकावर एक ठेवले, तिसरा उचलला आणि तोंडात घालून करकरा चावू लागली. नीलानं वहीत काहीतरी लिहिलं. मग आणखी लिहिलं. कस्तुराला वाचता येत नव्हतं. पण पेन्सिल किती वेळ चालते ते दिसत होतं.

दुपारी बाकीच्या बाया बाभळीखाली ठेचा-भाकरी खात होत्या तेव्हा कस्तुरा एकटी फळीवर पाट्या वाहत होती. तासभर भरून द्यायचा होता.

*

आठवड्यानं नीला घरी आली. भैरू रातपाळी करून आला होता, बाजेवर नुसता पडला होता. तो उठून बसला, बाईला बसायला पोतं झटकून दिलं. कस्तुरानं गुळाचा चहा टाकला. नीलानं कप हातात घेतला, पण प्याली नाही.

“कस्तुराबाई, घाबरू नका हं. शेवंती वयाच्या मानानं जरा मागं वाटते. बोलण्यात तर बरीचशी. साडेतीन वर्षांच्या मुलानं छोटी छोटी वाक्यं बोलायला हवीत. एकदा पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी चिठ्ठी लिहून आणलीय.”

“म्हंजी?” भैरू म्हणाला. “पोर खुळी हाय?”

“तसं मी म्हणत नाही.”

“मंग काय म्हन्ता?”

नीलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं चिठ्ठी कस्तुराच्या हातात दिली, थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि दाराबाहेर खेळणाऱ्या शेवंतीच्या डोक्यावरनं हात फिरवून गेली. तो हात कस्तुराला लागला. कीव करणारा हात आईला लांबनंही लागतो.

“खरं सांगून टाकू का?” ती नवऱ्याला म्हणाली.

“आन् मंग? वहीतनं नाव कापतील. परत चुन्याच्या हौदाकडं न्हेनार? पाय बघ तिचा.”

“पर खुळी लिवलंय तिनं.”

“लिवू दे. कागद पुन्यात ऱ्हाईल, पोर हितं.”

पण कागद पुण्यात राहिला नाही. दोन दिवसांत वस्तीभर झाला. शेडावर माल चढवताना खालनं अंबुबाई म्हणाली, “कस्तुरे, चिट्टी दिलीया म्हनं तुला. येड्याच्या दवाखान्याची.”

बाया हसल्या. कुणी वाईट मनानं हसल्या नाहीत, तोंड हसतं म्हणून हसल्या. पण कस्तुराचा पाय फळीच्या पट्टीवरनं सरकला, पाटी कलली आणि ओला माल मानेवरनं चोळीत गेला.

“ध्यान कुटं हाय गं?” रंगराव ओरडला. “सिमिट काय तुज्या माहेरचं हाय?”

ती खाली उतरली, पिंपाशी जाऊन मान धुतली. सिमेंट मानेच्या घामात झोंबत होतं. रडायला हीच जागा बरी होती, पाणी सगळं सारखंच दिसतं.

*

गुरुवारी त्या भागात कंपन्यांना सुट्टी, म्हणून कामालाही सुट्टी. कस्तुरा शेवंतीला घेऊन ज्वारीच्या राखणीला गेली. कणसं हुरड्यात आली होती. माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायची आणि “हाऽऽ” करून ओरडायची, की चिमण्यांचा थवाच्या थवा उठून दुसऱ्याच्या रानात जाऊन बसायचा.

खाली शेवंती खडे वेचत होती. मोठे खडे आईच्या ढिगात आणि बारीक आपल्या ओच्यात. कुणी सांगितलं नव्हतं.

कस्तुरा खाली उतरली. पोरीपुढं उकिडवी बसली.

“शेवे, ह्ये काय?”

“कनूस.”

“आन् त्ये?”

“पाखलू.” पोरीनं बोट वर केलं. “पाखलू गेलं. आये, परत येतंय!”

कस्तुराचं काळीज भरून आलं. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, पण साडेतीनाची पोर ह्याहून जास्त बोलत असेल का? तिची तिलाच शरम वाटली. खोटं तिनंच सांगितलं होतं, शेवंती साडेतीनाची नव्हती हे जगात सगळ्यांत जास्त तिला ठाऊक, आणि चार दिवसांच्या कुजबुजीनं तिच्याच डोळ्यात कुसळ गेलं होतं. ती आपल्या लेकराकडं नीलाच्या वहीतनं बघू लागली होती.

संध्याकाळी शेवंतीला कणकण आली. कडेवर घेतली तर तिनं आईच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. कस्तुरा कळवळली.

“आन हिकडं,” सोजरबाई म्हणाली.

तिनं नातीला मांडीवर उताणी घेतली, तर्जनी पदराला पुसली आणि तोंडात घातली. डोळे मिटून घेतले. नाही तरी उघडे असून त्यांचा उपयोग नव्हता. बोट हिरड्यांवरनं सावकाश फिरलं, डावीकडनं उजवीकडं, खालनं वर. शेवंती चावली, तरी बोट काढलं नाही.

“अठरा दात,” ती म्हणाली. “वरल्या मागल्या दोन दाढा आत्ता कुटं टोचाय लागल्यात. हिरडी फुगलीया बघ, हुरड्याच्या दान्यावानी. म्हनून तापतंय लेकरू, म्हनून चावतंय. तुझ्या बाईपुढं बी ह्येच चाललं आसंल.”

कस्तुराला लाळ आठवली, करकरा चावलेला ठोकळा आठवला.

“नऊ लेकरांचे दात ह्याच बोटानं मोजल्यात मी,” सोजरबाई म्हणाली. “ह्या दाढा अडीचाच्या मागंम्होरं येत्यात. तू वहीत काय बी लिव्हायला लाव कस्तुरे, तोंडात न्हाई लिव्हता येत.”

भैरू चुलीपाशी बसला होता. त्यानं जळतं लाकूड आत सारलं.

“पायाला चटका बसला, त्यो बरा झाला,” सोजरबाई नातीच्या पायावरनं हात फिरवत म्हणाली. “खुळी म्हनून एकदा नाव पडलं, की त्यावर खोबरेल चालत न्हाई.”

*

दुसऱ्या दिवशी कस्तुरानं खाडा केला. शेवंतीचा हात धरून ती बालवाडीच्या उंबऱ्याशी उभी राहिली, आत बसली नाही. कुसुमताई सुकडी वाटत होत्या. नीला पोरांच्या घोळक्यात बसून काहीतरी टिपत होती.

कस्तुरानं कनवटीची चिठ्ठी काढली. घामानं तिच्या घड्या चिकटल्या होत्या.

“ताई, ही परत घ्या.”

“का? गेला नाहीत दवाखान्यात?”

“पोर साडेतीनाची न्हाई. दोन पुरी, वर पाच महिने. दुस्काळ सरला त्या साली, गौरी येनार त्याच्या आदल्या दिसाची हाय. मी खोटं सांगितलं.” एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. “आन् तीन म्हनायला मीच शिकीवलं. बाईनं काय बी इचारलं की तीन म्हन, आसं सांगितलं. पोर हुकमाची हाय, तिनं तसंच केलं. दाढा येत व्हत्या, म्हनून तुमचं लाकूड चावलं. आता काय करायचं ते करा. नाव कापा. पर खुळी लिवू नगा ताई. तेवढं खोडा.”

खोलीत पोरांचा गलका चालूच होता. नीला उठली नाही. तिनं पिशवीतनं कागदांची चळत काढली आणि एकेक पान उलटत गेली. तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला कस्तुराला दिसला.

“सव्वीस मुलं,” ती म्हणाली. “त्यांतली नऊ मागं निघाली, आणि नऊही बांधकामावरच्या बायांची. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय.” तिनं मान वर केली. “कस्तुराबाई, आणखी कुणी वय वाढवून सांगितलंय?”

कस्तुरा शेवंतीच्या पांढरट पायाकडं बघत राहिली. तिला अंबुबाईचा खोकला आठवला.

“मला माज्या पोरीचं ठावं,” ती म्हणाली.

नीलानं तिच्याकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. मग कपाळाला हात लावून हळूच म्हणाली, “माझ्या कॉलेजातल्या बाईंनी विचारलं होतं मला, वयाला पुरावा काय? मी म्हटलं, आया सांगतात की. आई कशाला खोटं सांगेल?”

“आता ताई,” कस्तुरा म्हणाली, “लेकरापायी आईच खोटं सांगनार. दुसरं कोन सांगनार?”

सुकडीचं पातेलं खाली ठेवून कुसुमताई पदराला हात पुसत आल्या. जाड काचेच्या चष्म्याआडनं त्यांनी दोघींकडं बघितलं.

“अगं, मला काय डोळे नाहीत?” त्या म्हणाल्या. “सात जणांच्या चड्ड्या मी रोज धुते. तीन पुरी म्हणे! एकाला तर अजून सरळ चालता येत नाही. तो अंबुबाईचा.”

“मग बोलला का नाहीत?” नीला म्हणाली.

“लिहिलं असतं तर काढावं लागलं असतं. काढून पाठवायचं कुठं? हौदाकडं?” कुसुमताईंचा आवाज खाली आला. “तू त्याच वहीतली वयं उतरून घेतेयस, आणि त्यावरनं पोरं मंद ठरवतेयस, हे माझ्या ध्यानात आलं नाही गं. चूक माझीही आहे.”

तेवढ्यात शेवंती आईचा हात सोडून ठोकळ्यांपाशी गेली होती. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं लाल मनोरा रचला. सहावा ठोकळा ठेवला, सातवा ठेवला, आठव्याला सगळा कोसळला. त्या आवाजानं तिघींनी वळून बघितलं.

“पल्लं!” शेवंती म्हणाली. “आये, समदं पल्लं!”

नीला हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. शेवंतीच्या कागदावरची एक ओळ तिनं आडवी खोडली. एकदा नाही, तीनदा.

“कुणाचंही नाव कापलं जाणार नाही,” ती म्हणाली. “मंडळाच्या बाईंशी मी बोलते. पण मला खरी वयं हवीत. वहीतली नकोत.”

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती शेडावर आली. बरोबर कापडाची एक लांब पट्टी होती, धोतराची असावी तशी. बाभळीखाली तिनं ती पसरली आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. पट्टीवर रंगीत खडूनं चित्रं काढली होती. एका टोकाला भेगाळलेली भुई आणि खडी फोडणारी बाई. मग पावसाच्या रेघा. मग गौरीचा मुखवटा, दिवाळीची पणती, होळी, परत पाऊस.

“बाई, शाळा भरीवताय का हितं?” रंगरावानं विचारलं.

“सुट्टी संपायच्या आत आवरते, रंगराव.”

“भरवा, भरवा. मी बी बसतो. माजं वय कुनाला ठावं न्हाई.”

नीला बायांना म्हणाली, “मला नावं नकोत. वहीत काय लिहिलंय ते मी विचारणार नाही. फक्त तुमचं मूल झालं तेव्हा काय चाललं होतं तेवढं आठवा, आणि तिथं एक खडा ठेवा. बालवाडीतनं कुणी जाणार नाही. कुसुमताईंनी शब्द दिलाय.”

बाया भाकरी चावायच्या थांबल्या. पुण्याच्या बाईच्या शब्दावर पोराची जागा पणाला लावायची म्हणजे गंमत नव्हती.

कस्तुरा उठली. तिनं खडीच्या ढिगातनं एक काळा खडा उचलला, चोळीला पुसला आणि गौरीच्या मुखवट्याच्या अलीकडं, पावसाच्या रेघांच्या पलीकडं ठेवला. सगळ्यांदेखत.

“माजी शेवंती,” ती म्हणाली. “हितं.”

बाया त्या खड्याकडं बघत राहिल्या. मग अंबुबाईनं खोकला काढला.

“आता काय गं म्हातारे,” एकजण म्हणाली, “परत तीन म्हन्तीस का काय?”

बाया खदखदून हसल्या. अंबुबाई कमरेवर हात ठेवून उठली. “हसा. मला बी चिट्टी मिळालीया, सांगते. लुगड्यात लपीवली व्हती. आन् कस्तुरेच्या पोरीला येडी म्हनत हिंडले.” ती कस्तुराकडं वळली. “माफ कर गं पोरी. आपलं झाकाय दुसऱ्याचं उघडं करत्यात मानसं.” मग पट्टीवर वाकली. “हितं पानी पडलं, हितं पत्रं चढलं… त्या पल्याडल्या शेडाचं पत्रं चढलं त्या टायमाला सुनंच्या पोटात दुखाय लागलं. पत्र्याचं चितार कुटं हाय?”

“नाही काढलं. काढते,” नीला म्हणाली, आणि तिनं खडू घेऊन तिथंच पत्रा काढला.

मग काय! एकीचं पोर पाण्याची टाकी बांधली तेव्हाचं, एकीचं रस्त्याला डांबर पडलं तेव्हाचं, एकीचं धाकटा दीर फाउंड्रीत लागला त्या दिवशीचं. चित्रं वाढत गेली. बाया एकमेकींना खोडून काढत होत्या. “टाकी आदी का डांबर आदी?” “डांबर! टाकीच्या कामाला जाताना डांबरानं पाय भाजले व्हते आपले, इसारलीस?” सुट्टी संपली तेव्हा पट्टीवर नऊ खडे होते. रंगरावानं त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा शिट्टी मारली आणि ती कुणाला भरून द्यावी लागली नाहीत.

*

माघ-फाल्गुनात नीलानं सगळं काम परत केलं. सव्वीसच्या सव्वीस मुलं. ह्या वेळी छत्री नव्हती, पाटी होती, खोरं होतं, कणीस होतं. नऊतली आठ पोरं आपापल्या वयाला बरोबर निघाली. एकाला खरंच ऐकू कमी येत होतं, त्याला ती स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. शेवंतीच्या वरच्या दाढा तोवर फुटल्या होत्या, ताप गेला होता. ती इतकी बोलली, की शेवटी नीलाला पेन्सिल खाली ठेवावी लागली.

“आता कशी हाय?” कस्तुरानं विचारलं.

“वयाच्या थोडी पुढंच आहे.”

कस्तुरा भिंतीला टेकून खाली बसली. दोन महिने डोक्यावरनं न उतरलेली पाटी उतरावी, तशी मान तिला हलकी लागली. चुंबळीखाली केस दबून वळ पडतो तो चोळावा, तसा तिनं माथा चोळला.

नऊ खड्यांची पट्टी घेऊन नीला आणि कुसुमताई मंडळाच्या बाईंकडं गेल्या. खोटं सांगणाऱ्या बायांची तक्रार म्हणून नाही, तीनाच्या आतल्या पोरांना जागा नाही ह्याचा पुरावा म्हणून. देवळाची ओसरी मिळाली. तीन झोळ्या बांधल्या. सांभाळायला सोजरबाई आणि अंबुबाईची जाऊ केसरबाई. केसरबाईच्या गुडघ्यांत जोर नव्हता, सोजरबाईच्या डोळ्यांत नव्हता. एकीनं बघायचं आणि एकीनं उचलायचं. कुणाला नवा दात आला, की सोजरबाई बोट घालून जाहीर करायची आणि पोराची आई कामावरनं येईतो ती बातमी शेडावर पोचलेली असायची.

भाद्रपदात नीला बालवाडीत परत आली. गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. बायांनी अंगणं सारवली होती. नीलाच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि काळ्या कापडी बांधणीचं जाड पुस्तक. तिची परीक्षा झाली होती, पहिला वर्ग मिळाला होता.

“परीक्षक पट्टीवरच अडून बसले,” ती सांगत होती. “म्हणाले, वयं काढायची ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? म्हटलं, बाभळीखाली शिकले.”

तिनं एक पान उघडलं. घडी घातलेला लांब कागद बाहेर आला. भेगाळलेली भुई, पाऊस, गौर, पत्रा, टाकी, डांबर. आणि नऊ काळे ठिपके. कस्तुराला अक्षर येत नव्हतं, पण तिचा ठिपका तिला लगेच सापडला. तिनं त्यावर बोट ठेवलं. सिमेंटनं खाल्लेलं, नखाशी तडकलेलं बोट.

“माजा खडा,” ती म्हणाली.

मग तिला काहीतरी आठवलं. ती उठली आणि कुसुमताईंच्या वहीपाशी गेली.

“बाई, शेवंतीचं नाव लिवा.”

“अगं, आहे की लिहिलेलं.”

“त्ये खोडा. खोट्या वयाचं हाय. आता नव्यानं लिवा.” तिनं पदर डोक्यावरनं सारखा केला. “गौरीच्या आदला दीस आज. आज झाली.”

कुसुमताईंनी चष्मा पुसला आणि ओसरीवर केसरबाईच्या मांडीत बसलेल्या शेवंतीला हाक मारली. पोरगी पळत आली, डावा पाय जरा आखडता टाकत.

“शेवंताबाई,” कुसुमताईंनी वही उघडून, अगदी पहिल्यांदा भेटावं तशा आवाजात विचारलं, “वय किती तुमचं?”

शेवंतीनं आईकडं बघितलं. आई घाबरलेली नव्हती.

“तीन,” शेवंती म्हणाली.

“लिवा,” कस्तुरा म्हणाली.